निसान मोटार आणि तिचे विक्रेते



मोटारीच्या धंद्यावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमचे आयुष्य खडू-फळ्यात गेले. परंतु आपल्या ज्ञातीतील एक तरुण, आमचा जुना विद्यार्थी, मध्यंतरी सल्ल्यास आला. वडिलार्जित घर तारण ठेवून निसान मोटारीची डीलरशिप घ्यावी, असा त्याचा मनोदय होता. तेव्हा या वयात आम्हांस तो अभ्यास करणे भाग पडले.

निसान ही १९३३ साली स्थापन झालेली जपानी कंपनी. मार्च २०२५ अखेर संपलेल्या वर्षात तिला सुमारे ६७ हजार कोटी येन तोटा आला. वीस हजार माणसे कमी करावयाची व सतरा कारखान्यांचे दहा करावयाचे, असे तिने जाहीर केले. होंडाशी एकत्र येण्याची बोलणीही फेब्रुवारी २०२५ मध्ये फिसकटली. आपल्या देशात तिने २०१४ साली डॅटसन हे जुने नाव पुन्हा आणले आणि २०२२ साली ते गुंडाळले. पुढे मुख्यतः मॅग्नाइट या गाडीवर दुकान चालले. चेन्नईजवळील ओरगडम येथील कारखान्यातील आपला हिस्सादेखील तिने २०२५ साली भागीदार रेनोला विकला.

तथापि, एवढी मोठी कंपनी बुडत नाही, असे आमचे मत आहे. ती कारखाने विकते, माणसे कमी करते आणि जगते. विक्रेत्यास ही सोय नाही. तो गाड्या बँकेच्या कर्जावर उचलतो. गाडी जितके दिवस उभी, तितके दिवस व्याज चालू. शोरूमच्या काचा, फरशी, पाटी, सारे कंपनी सांगेल तसे आणि ह्याच्या खर्चाने! नव्या गाडीमागे सुटणारी रक्कम बेताचीच. खरा आधार वर्कशॉपचा व सुट्या भागांचा. रस्त्यावर त्या नावाच्या गाड्याच थोड्या असतील, तर वर्कशॉपात येणार कोण?

जनरल मोटर्सने २०१७ अखेर येथील विक्री थांबविली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने येथे गाड्या बनविणे बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्या १७० विक्रेत्यांचे सुमारे दोन हजार कोटी रुपये गुंतले आहेत, असे विक्रेत्यांच्या 'फाडा' या संघटनेने सांगितले. अमेरिकेत राज्याराज्यांतून विक्रेत्यांच्या संरक्षणाचे कायदे आहेत. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. भिस्त सारी करारपत्रावर, आणि ते लिहिते कोण, हे सांगावयास नको.

आम्ही त्या तरुणास एवढेच सांगितले : बाबा, घरास हात लावू नकोस. जागा भाड्याने घे. वर्कशॉप असे उभार की पाटी बदलली तरी इतर गाड्यांचे काम चालावे. कंपनी निघून गेल्यास उरलेल्या गाड्या व सुटे भाग परत कोण घेणार, हे वकिलाकडून वाचवून घे.

करारपत्राची प्रत त्याने अद्याप आम्हांस दाखविलेली नाही. आज सभेस मात्र तो आला आहे. मागच्या रांगेत बसला आहे.