मोटारसायकलीची साखळी

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास निघणाऱ्या कुटुंबाची तयारी पहांटेपासून चालते. फराळाचा डबा बांधला जातो, पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात, आणि मोटारसायकल चालविणारा टांकी भरून व चाकांतली हवा तपासून येतो. पेट्रोल आणि हवा पाहिली म्हणजे वाहनाचें सारें पाहून झालें, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु इंजिनाची शक्ति जिच्या द्वारें मागील चाकापर्यंत पोंचते, त्या साखळीकडे वांकून पाहण्याचें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जाऊन येऊन दोनशें किलोमीटरांच्या या प्रवासाचा सारा भार तिच्यावरच असतो. ती केव्हां बदलावी, कोणती घ्यावी आणि कशी सांभाळावी, हा विचार म्हणूनच प्रत्येक घरानें करण्यासारखा आहे.

मँचेस्टर येथें हान्स रेनॉल्ड यानें १८८० सालीं या जातीच्या साखळीचें पेटंट घेतलें, आणि तिची मूळ रचना आजतागायत तीच आहे. दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी एक पिन, पिनेवर बसलेली एक नळी आणि नळीवर फिरणारें एक रूळ, अशा सांध्यांची ही माळ असते. पुढें इंजिनाजवळ एक लहान दांतेरी चक्र व मागें चाकाला एक मोठें, यांना ही माळ जोडते. बाजारांत या चक्रांना स्प्रॉकेट म्हणतात.

साखळी "ताणली" असें आपल्याकडे बोलण्याचा प्रघात आहे. पण खरोखर पोलाद ताणलें जात नाहीं. पिन आणि नळी एकमेकींवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यांत केवळ एक दशांश मिलिमीटर झीज झाली, तरी शंभर सांध्यांची मिळून साखळी एक सेंटिमीटरनें लांबते. लांबलेली साखळी दांत्यांच्या खांचांत नीट बसत नाहीं. ती दांत्याच्या शेंड्याकडे चढते आणि दांते कुरतडते. याप्रमाणें झिजलेली साखळी चक्रें बिघडविते व बिघडलेलीं चक्रें साखळी बिघडवितात.

अजिंठ्याच्या वाटेवर या झिजेला आणखी एक कारण आहे. ज्या काळ्या खडकांत इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकापासून कारागिरांनीं लेणीं कोरलीं, तोच खडक झिजून सिल्लोडच्या बाजूची कपाशीची काळी जमीन तयार झाली आहे. तिची धूळ उन्हाळ्यांत उडते व पावसाळ्यांत चिखल होऊन साखळीला चिकटते. तेलांत मिसळलेली ही धूळ पॉलिश-कागदाचें काम करते. तेल घातलें म्हणजे निश्चिंत झालों, असें मानणें त्यामुळें चुकीचें ठरतें; आधीं स्वच्छता आणि मग तेल, हाच क्रम योग्य होय.

साखळी बदलावयास झाली किंवा कसें, हें ओळखणें अवघड नाहीं. मोठ्या चक्राच्या अगदीं मागच्या बिंदूवर साखळी चिमटींत धरून मागें ओढावी. ती दांत्यावरून उचलून अर्धा दांता उघडा पडला, तर तिचें आयुष्य संपलें. अधिक नेमकी परीक्षा मोजपट्टीची आहे. लहान मोटारसायकलींच्या साखळींत दोन पिनांमधील अंतर १२.७ मिलिमीटर असतें. म्हणजे वीस सांध्यांची लांबी २५४ मिलिमीटर भरावयास हवी. ती २५९ च्या घरांत गेली, तर सुमारें दोन टक्के झीज झाली, आणि मग विलंब करूं नये. दांत्यांचे शेंडे आंकड्यासारखे एका बाजूस वळले असतील, किंवा कांहीं सांधे ताठर होऊन साखळी फिरतांना अडखळत असेल, तर तेंही तेंच सांगतें.

वाळूज येथें १९८५ सालापासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. अशा शहरांत सुटे भाग दुर्मिळ नाहींत. अडचण असते ती निवडीची. साखळीवर एक आंकडा कोरलेला असतो, जसें ४२८ किंवा ५२०. त्यांतील पहिला अंक दोन पिनांमधील अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो. म्हणून ४२८ ची साखळी अर्ध्या इंचाची व ५२० ची पांच-अष्टमांश इंचाची. उरलेले अंक आंतील रुंदी दर्शवितात. हा आंकडा, सांध्यांची संख्या आणि दोन्ही चक्रांच्या दांत्यांची संख्या जुन्या भागांवरून किंवा वाहनासोबतच्या पुस्तिकेवरून टिपून घ्यावी व मगच दुकानांत जावें.

खर्च वांचविण्यासाठीं एकटी साखळी बदलण्याचा मोह अनेकांना होतो. जुन्या, वांकड्या दांत्यांवर नवी साखळी चढविली, तर ती थोड्याच महिन्यांत जुनीसारखी होते. वांचलेले पैसे दुप्पट होऊन जातात. दोन्ही चक्रें व साखळी एकत्रच बदलावीं. दांत्यांची संख्याही उगाच बदलूं नये. पुढें १४ व मागें ४२ दांते असतां पुढील चक्राचे तीन फेरे झाले म्हणजे मागील चाकाचा एक होतो. पुढें १३ घातले, तर सव्वातीन फेरे लागतात. चढ सोपा होतो, पण सपाट रस्त्यावर इंजिन अधिक धांवतें आणि पेट्रोलही अधिक जाळतें.

नवी साखळी बसवितांना तीन गोष्टी पाहाव्या. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असाव्या, म्हणजे दोन्ही चक्रें एका रेषेंत राहतात. खालच्या बाजूच्या मध्यावर साखळी वरखालीं पुस्तिकेंत सांगितल्याइतकी, बहुधा दोन ते तीन सेंटिमीटर, हलावी. चाक थोडें थोडें फिरवून हें अंतर अनेक जागीं मोजावें, कारण साखळी सर्वत्र सारखी झिजत नाहीं. मागें माणूस बसला कीं साखळी अधिक आवळते. म्हणून ती ताठ ठेवणें हें सैल ठेवण्याइतकेंच घातक. आणि जोड-सांध्याची चिमटी असेल, तर तिचें बंद टोंक साखळीच्या गतीच्या दिशेस असावें. उलट बसविलेली चिमटी वाटेंत निसटण्याचा संभव असतो.

पुढील निगा दर पांचशें किलोमीटरांनीं, म्हणजे अजिंठ्याच्या अडीच फेऱ्यांनीं, घेतली तरी पुरे. पावसांत भिजल्यावर मात्र लगेच घ्यावी. घासलेटांत भिजविलेली चिंधी व मऊ ब्रश यांनीं मळ काढावा, साखळी कोरडी पुसावी, व गिअरचें ९० नंबरी तेल खालच्या फेऱ्याच्या आंतल्या बाजूस थेंबथेंब सोडावें. फिरतांना तें आपोआप बाहेरच्या बाजूस पसरतें. थोड्या वेळानें उरलेलें तेल पुसून टाकावें. ज्या साखळींत रबराचीं कडीं असतात, तिला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश कदापि लावूं नये. कडीं खराब झालीं, कीं आंत भरलेलें वंगण नाहींसें होतें.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. हें सारें काम इंजिन बंद ठेवून, चाक हातानें फिरवून करावें. इंजिन चालूं ठेवून फिरत्या साखळीला चिंधी लावणें म्हणजे बोटें दांत्यांच्या स्वाधीन करणें होय. त्याचप्रमाणें मागें बसणाऱ्या स्त्रीचा पदर वा ओढणी साखळीपासून व चाकापासून दूर राहावी, म्हणून वाहनाला कायद्यानें आच्छादन ठरविलेलें आहे. दुरुस्तीच्या वेळीं काढलेलें आच्छादन पुन्हा बसविल्यावांचून वाहन घरीं आणूं नये.

अजिंठा गांव सोडल्यावर रस्ता घाटानें फर्दापूरकडे उतरतो. उतरतांना इंजिन गिअरमध्यें ठेवून वेग आंवरला जातो. साखळी तुटली, तर हा आधार त्या क्षणींच जातो व सर्व भार ब्रेकवर येतो. तुटलेलें टोंक चाकांत अडकलें, तर चाक जागच्या जागीं थांबतें. परततांना तोच घाट चढावा लागतो, आणि तेव्हां साखळीवर ताण सर्वांत अधिक असतो. मागें पत्नी बसलेली, मध्यें लहान मूल, अशा वेळीं कांहीं शें रुपयांची काटकसर किती महाग पडेल, याचा हिशेब कोणीही करूं शकेल.

फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी वाहनें थांबतात. तेथून लेण्यांपर्यंत बसनें जावें लागतें. तेथें वाहन उभें करून खालीं उतरलें, कीं दोन क्षण वांकून साखळीकडे पाहावें, बोटानें ती वरखालीं हलवून पाहावी. वाघूर नदीच्या वळणावरील तीं लेणीं मग निर्धास्त मनानें पाहतां येतात, आणि संध्याकाळीं घाट चढतांनाही मन तितकेंच निर्धास्त राहतें.