हळदीकुंकवाचे कागदी रुमाल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी चार शब्द बोलावेत असे ठरले, तेव्हा विषय कोणता घेऊ म्हणून मी चिटणीसबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "घरातलाच घ्या." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयात शिरण्यापेक्षा पुढच्या महिन्यात आपल्याला जे काम करावयाचे आहे, त्याविषयीच बोलते. संक्रांत जवळ आली. हळदीकुंकवाला बशीबरोबर द्यायचे कागदी रुमाल कोल्हापुराहून आणावयाचे आहेत. एवढ्याशा गोष्टीवर भाषण कसले, असे वाटेल. पण ऐकून घ्यावे.

पूर्वी हे काम पानावर भागत असे. पळसाचा द्रोण, नाहीतर केळीच्या पानाचा तुकडा, आणि हात धुवायला पाण्याचा तांब्या. आता तासाभरात शंभर बायका येतात, निम्म्या उभ्याउभ्याच तिळगूळ तोंडात टाकून पुढच्या घरी जातात. त्यांना तांब्या कुठून पुरवणार? थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले सरकारने २०१८ साली बंद केले, ते फार चांगले झाले. तेव्हापासून आपल्याकडे कागदी बश्या आणि कागदी रुमाल आले. माझी काही त्यांच्याशी भांडण नाही. गुळाचे बोट लुगड्याला पुसण्यापेक्षा कागदाला पुसलेले बरे.

मात्र रुमाल घेताना आपण फक्त नक्षी बघतो. दुकानदार दहा तऱ्हा समोर टाकतो. त्यांत पतंग असतात, हळदीकुंकवाचे करंडे असतात, मोर असतात. नाताळासाठी छापलेली लाल फळांची आणि काटेरी पानांची नक्षीही त्यांतच मिसळलेली असते. ती दिसायला झकास, आपल्या बोरांसारखीच वाटते! पण गडद लाल रंगाचा रुमाल घेण्यापूर्वी बोट पाण्याने ओले करून त्यावर घासावे. मग त्याच बोटाला थोडे तेल लावून पुन्हा घासावे, कारण तिळाला तेल असते आणि पाण्याला न सुटणारा रंग तेलाला सुटतो. बोट रंगले तर तो रुमाल ठेवून द्यावा, नक्षी कितीही सुंदर असो.

याला कायद्याचाही आधार आहे. अन्नपदार्थांच्या वेष्टनाचे नियम २०१८ साली निघाले. वेष्टनाची छापलेली बाजू अन्नाला लागू नये, आणि वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधू नये, असे त्यांत सांगितले आहे. वर्तमानपत्राबद्दल तर २०१६ सालीही सूचना निघाली होती. छपाईच्या शाईतली द्रव्ये तेलकट आणि गरम पदार्थांत उतरतात. आपण मात्र अजून भजी खुशाल वर्तमानपत्रावर उपसतो. तेव्हा तिळाचा लाडू रुमालावर ठेवायचाच असेल, तर नक्षी फक्त काठाला असलेला आणि मधे कोरा पांढरा असलेला रुमाल घ्यावा. तोच स्वच्छही दिसतो.

एकपदरी रुमाल स्वस्त पडतो, पण चिकीचा गूळ लागला की फाटून बोटाला चिकटतो. मग बाई लाडू खाणार की कागद सोडवणार? शिवाय आपले गाव करूळ आणि भुईबावडा या दोन्ही घाटांच्या माथ्यावर. दुपारनंतर वारा सुटला की अंगणातले एकपदरी रुमाल घाटाच्या दिशेने निघतात आणि पोरे त्यांच्यामागे. दुपदरीच घ्यावा, आणि गठ्ठ्यावर नारळ ठेवावा. मागल्या वर्षी उरलेले असतील तर आधी वास घेऊन बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडे पुडके कुबट होतेच.

देवांची चित्रे छापलेला रुमाल मला मुळीच पटत नाही. लक्ष्मीच्या तोंडाला गुळाची बोटे पुसायची, चुरगाळून टाकायची आणि वर तिच्यावरून चालत जायचे, हे कसले हळदीकुंकू?

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ते सांगते.

गेल्या संक्रांतीला एका घरी मी गेले होते. कोणाच्या, ते सांगण्यात अर्थ नाही. त्या घरचा हेतू चांगलाच होता. गुलाबी रुमाल होते, मधोमध सुबक अक्षरांत छापलेले: 'अखंड सौभाग्यवती भव'. त्या घरी एक काकू आल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन तीन वर्षे झाली. सकाळपासून त्यांनीच बसून ऊस सोलला, बोरे निवडली, हरभऱ्याचे घाटे सोडले. त्यांनाही सर्वांबरोबर बशी दिली, कोणी वगळले नाही. काकूंनी रुमाल वाचला. अक्षरे आत जातील अशी त्याची घडी घातली, ती बशीखाली सरकवली, आणि लाडू खाऊन हात पदराला पुसले. बोलल्या काहीच नाहीत. त्यानंतर रथसप्तमीपर्यंत त्या एकाही घरी आल्या नाहीत.

आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे २०२२ मध्ये, त्या गावाने ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे गावात बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. आपल्या मंडळात आपण सर्वांना बोलावतो, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. पण तोंडाने "या" म्हणायचे आणि हातात दिलेल्या कागदाने "हे तुमच्यासाठी नाही" म्हणायचे, हे बरे नव्हे. काहीजणी म्हणतील, रुमाल वाचतो कोण? ज्या बाईला तो टोचतो, ती वाचते.

आशीर्वादाला माझा विरोध नाही. मोठ्या बायकांनी डोक्यावर हात ठेवून तो द्यावा, त्याची गोडी वेगळी. तो छापून गठ्ठ्याने वाटण्याची गरज काय? अक्षरे हवीतच तर 'तिळगूळ घ्या, गोड बोला' एवढीच असू द्यावीत. ती कुमारिकेला चालतात, सासूला चालतात, काकूंना चालतात, आणि शेजारच्या मुसलमान भाभी येतात त्यांनाही चालतात.

यंदा शंभर बायका धरल्या आहेत, बरोबर मुलेही येतात. पन्नासाच्या पुडक्याची तीन पुडकी पुरतील. चौथे नको, उरलेले पावसाळ्यात वाया जाते. ज्या भगिनी येत्या आठवड्यात एस.टी.ने कोल्हापूरला जाणार असतील त्यांनी माझ्याकडून पैसे न्यावेत. काठाला पिवळी नक्षी, मधे कोरे, दुपदरी. ओले बोट घासून बघायला विसरू नका, दुकानदार हसला तरी. आणि काकूंच्या घरी बोलावणे करायला मी स्वतः जाणार आहे. माझ्याबरोबर आणखी दोघीजणी आल्या तर बरे होईल.