एक नाव, अनेक गावे : चिनी ग्रामीण भूगोल आणि बौद्ध अभ्यासक
(संस्थेच्या अभ्यासवर्गातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धम्माच्या प्रसाराचा एक मोठा भिंतीवरचा नकाशा आपल्या वाचनालयासाठी तयार करावा, असे आमच्या अभ्यासवर्गाने ठरविले आहे. चीनचा भाग हाती घेताच पहिला प्रश्न उभा राहिला, तो असा : डोंगशान कोठे दाखवायचे? (आपल्या ‘डोंगर’ या शब्दाशी याचा काही संबंध नाही. चिनी भाषेत ‘शान’ म्हणजे पर्वत.)

आपल्या ‘ध्यान’ या शब्दापासून चिनी ‘चान’ आणि त्यापासून जपानी ‘झेन’ हे नाव आले, हे आपण जाणताच. या चान परंपरेचे पाचवे आचार्य होंगरेन (६०१–६७४) डोंगशानवर शिकवीत. पुढे दोन शतकांनी लिआंगजिए (८०७–८६९) हे दुसरे थोर आचार्य झाले, तेही डोंगशानचेच. आपल्या हाती येणाऱ्या पुस्तकांत दोन्ही ठिकाणी एकच नाव छापलेले असते. साहजिकच वाचणाऱ्याला वाटते की, एकाच विहारात दोनशे वर्षे गुरुशिष्यपरंपरा चालू राहिली. वस्तुस्थिती तशी नाही. होंगरेन यांचे डोंगशान यांगत्से नदीच्या उत्तरेस, हुबेई प्रांतातील ह्वांगमेई येथे आहे. त्याचा अर्थ पूर्वेचा पर्वत. लिआंगजिए यांचे डोंगशान नदीच्या दक्षिणेस, जिआंगशी प्रांतातील यीफेंग येथे आहे. त्याचा अर्थ गुहेचा पर्वत. चिनी माणसाची यात गफलत होत नाही, कारण दोन ‘डोंग’ची अक्षरे निराळी आणि सूरही निराळे. पूर्व या अर्थाचा ‘डोंग’ उंच आणि सपाट सुरात म्हणतात, गुहा या अर्थाचा वरून खाली आदळत. चिनी राजभाषेत सूर बाजूला ठेवले तर उच्चारांची संख्या सुमारे ४०० भरते. अक्षरे मात्र हजारोंनी आहेत. ती अक्षरे प्रथम रोमन लिपीत आणि तेथून देवनागरीत येईपर्यंत सूर गळतो, अक्षर गळते आणि आपल्या हाती नुसता उच्चार उरतो.

याहून मोठा चकवा आमच्या जिव्हाळ्याच्या नावाने दिला. भारताला जुन्या चिनी ग्रंथांत ‘तिआनझू’ म्हणत. हांगचौ शहराजवळ वरचे, मधले आणि खालचे अशी तीन तिआनझू मंदिरे आहेत. बीजिंगच्या विमानतळाला लागून तिआनझू नावाचे गाव आहे. गान्सू प्रांतात तिबेटी लोकांचा तिआनझू हा स्वायत्त विभाग आहे, ग्वेइचौ प्रांतात आणखी एक तिआनझू आहे आणि आनहुई प्रांतात तिआनझू पर्वत आहे. या पर्वताशी तिसरे चान आचार्य सेंगत्सान यांचे नाव जोडलेले आहे, म्हणून तर येथे ‘भारत पर्वत’ असे भाषांतर करण्याचा मोह फार होतो. परंतु भारताची अक्षरे हांगचौची मंदिरे आणि बीजिंगजवळचे गाव, एवढ्याच ठिकाणी आहेत. आनहुईचा पर्वत आणि ग्वेइचौचा विभाग ‘आकाशाचा खांब’ आहेत, आणि गान्सूच्या नावात खांबही नाही, भारतही नाही. त्याची अक्षरे तिसरीच.

हे झाले निराळ्या अक्षरांचे. अक्षरेही तीच असलेली गावे चीनमध्ये ढिगाने आहेत. याचे कारण शोधायचे तर शहरे सोडून खेड्यांच्या बाजाराकडे जावे लागते. जी. विल्यम स्किनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९४९-५० साली सिचुआन प्रांतात चेंगदूजवळच्या एका बाजारगावात राहून पाहणी केली आणि १९६४-६५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच्या हिशोबाने एका साध्या बाजारगावावर सरासरी १८ खेडी आणि सुमारे १५०० कुटुंबे अवलंबून असत. शेतकरी पायी जाऊन त्याच दिवशी घरी परत येईल एवढाच तो परिसर. मुलीचे लग्न, उसनवारी, जत्रा, सारे बहुधा त्याच वर्तुळात. अशा माणसाला आपल्या गावाचे नाव त्या वर्तुळात वेगळे असले की पुरे होते. दोनशे कोसांवर त्याच नावाचे दुसरे गाव असेल, याची त्याला ना माहिती ना अडचण.

युन्नान प्रांतात तर गावांना बाजाराच्या दिवसाचेच नाव पडले. तेथे दिवस बारा प्राण्यांच्या चक्राने मोजत आणि ज्या प्राण्याच्या दिवशी बाजार भरे त्याच्या नावाने गाव ओळखले जाई. लोंगजिए म्हणजे ड्रॅगनबाजार, न्यूजिए बैलबाजार, यांगजिए मेंढीबाजार, गौजिए कुत्राबाजार, जीजिए कोंबडाबाजार. चक्र बाराच दिवसांचे आणि बाजार शेकडो, तेव्हा नावे पुन्हा पुन्हा येणारच. परिसरातल्या परिसरात मात्र शेजारच्या दोन गावांचे बाजार सहसा एका दिवशी ठेवीत नसत, म्हणून नावेही जुळत नसत. आम्हांला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते.

उरलेल्या गावांची नावे कुळावरून (झांगांची वस्ती, वांगांची वस्ती), रस्त्यावरील टप्प्यावरून (‘दहा लींचे ठाणे’, ली हे अंतराचे माप) किंवा आपल्या बुद्रुक-खुर्दप्रमाणे थोरले-धाकटे लावून पडलेली आहेत. श यांच्या वस्तीचे, श्च्याच्वांगचे, पुढे रेल्वेमुळे मोठे शहर होऊन ते हेबेई प्रांताची राजधानी झाले, परंतु नावातली वस्ती काही सुटली नाही. ‘बाइमा’, म्हणजे पांढरा घोडा, या नावाचीही अनेक गावे आहेत. लोयांगचे बाइमा मंदिर, जे परंपरेनुसार इ.स. ६८ मध्ये बांधले गेले, त्याच्या ओढीने प्रत्येक बाइमाला धम्माचे ठाणे समजू नये, एवढे विद्यार्थ्यांना सांगून पुढे जातो.

बाजाराला चालणारी नावे शासनाला चालत नाहीत. टपाल, तार आणि महसूल यांना एका नावाचा एकच पत्ता लागतो. चीनमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आल्यानंतर १९१४ साली शासनाने देशभरातील सारख्या नावांचे ‘श्यान’ शोधून काढले. श्यान म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. शंभराहून अधिक श्यानांची नावे बदलली. ‘ताइपिंग’ म्हणजे महाशांती. हे नाव कोणाला नको असेल? झेजियांगच्या ताइपिंगचे वेनलिंग झाले, सिचुआनच्या ताइपिंगचे वानयुआन, जिआंगसूच्या ताइपिंगचे यांगझोंग, शान्शीच्या ताइपिंगचे फेनचेंग. आनहुईच्या ताइपिंगने नाव राखले, परंतु १९८३ मध्ये तेही ह्वांगशान शहरात विलीन झाले. ग्वांगडोंगमधील शिनआन हे हेनानमधील शिनआनशी जुळत होते, म्हणून त्याचे बाओआन झाले. हेच ते बाओआन, ज्याच्या भूमीवर आज शेनझेन महानगर उभे आहे. नामांतर म्हणजे काय, हे या सभागृहाला आम्ही सांगावे असे नाही. १९७८ ते १९९४ ही वर्षे येथील अनेकांनी पाहिलेली आहेत. तेथे मात्र कोणाच्या सन्मानाचा प्रश्न नव्हता, कारकुनी सोय हे कारण होते.

आम्हांला विशेष वाटले ते असे, की काढलेले नाव नाहीसे झाले नाही, ते एक पायरी खाली उतरले. वेनलिंग शहरात ताइपिंग नावाचा विभाग आजही आहे. शेनझेनच्या बाओआनमध्ये शिनआन नावाचा विभाग आहे. कागदावरून पुसलेले नाव लोकांनी गल्लीत जपले.

१९५८ नंतर कम्यूनच्या काळात ‘लाल झेंडा’, ‘पूर्वेचा वारा’ अशा नावांची नवी लाट आली आणि घोळ पुन्हा वाढला. १९८६ च्या नियमांनी असे ठरविले की, श्यानाचे नाव देशात एकच असावे, बाजारगावाचे नाव त्याच्या श्यानात एकच असावे आणि खेड्याचे त्याच्या गावगटात. म्हणजे बाजाराचा जुना न्यायच कायद्यात आला. म्हणूनच चेंगग्वान, म्हणजे तटाबाहेरची वेस, या नावाची गावे आजही श्यानागणिक भेटतात. तैवानमध्ये तैपेई शहरातील गगनचुंबी इमारतींचा भाग शिनयी आहे आणि नान्तौमधील बुनून आदिवासींचा डोंगराळ भागही शिनयीच आहे.

आता नामसाम्याचा आणखी एक प्रकार. यात योगायोग नाही. शीयुन या भिक्षूंनी फुजियान प्रांतातील ह्वांगबो पर्वतावर प्रव्रज्या घेतली. पुढे जिआंगशीतील यीफेंगजवळ ते राहिले, तेव्हा तेथील पर्वतालाही त्यांनी तेच नाव दिले, असे परंपरा सांगते. आज जग त्यांना ह्वांगबो म्हणूनच ओळखते. आठशे वर्षांनी, १६५४ साली, फुजियानच्या ह्वांगबोवरील इनयुआन हे आचार्य समुद्र ओलांडून जपानला गेले आणि १६६१ मध्ये उजी येथे त्यांनी विहार स्थापला. पर्वताचे नाव ह्वांगबो, विहाराचे नाव मायदेशीच्या विहाराचेच. जपानी उच्चार तेवढा ओबाकू. तीन ठिकाणे, अक्षरे तीच. भिक्षूजवळ दुसरे सामान नव्हते, नाव होते.

आपल्या मगधातूनही एक पर्वत असाच गेला. कुक्कुटपाद पर्वतात महाकाश्यप बुद्धांचे चीवर घेऊन मैत्रेयाची वाट पाहत आहेत, ही कथा फाहियान आणि ह्युएनत्संग यांनी भारतात ऐकून लिहिली. युन्नानमधील बिनच्वान येथे जीझू, म्हणजे कोंबड्याचा पाय, या नावाचा पर्वत आहे आणि तेथील भाविक काश्यपांना तेथेच मानतात. नकाशावर आम्ही दोन्ही दाखविणार आहोत आणि मधोमध रेघ ओढणार आहोत.

ह्युएनत्संग इ.स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेले. त्यांचे जन्मस्थान ग्रंथांत ‘गौशी श्यान’ असे दिलेले असते. गौशी आज श्यान नाही, बाजारगाव आहे. ते यानशी श्यानात गेले. यानशी १९९३ मध्ये शहर झाले आणि २०२१ मध्ये लोयांगचा एक विभाग झाले. तेव्हा नोंद अशी होईल : हेनान प्रांत, लोयांग, यानशी, गौशी, छेनहे खेडे. प्रत्येक नावाशेजारी चिनी अक्षरे हवीतच. तेथे जाणाऱ्या यात्रेकरूनेही ती कागदावर लिहून खिशात ठेवावीत, कारण उच्चारावर टॅक्सीवाला कोठे नेईल याचा नेम नाही. ही अक्षरे सुबक काढणारा हात आमच्या वर्गात अद्याप नाही. ज्या विद्यार्थ्यांचे चित्रकलेचे वळण चांगले आहे त्यांनी रविवारी सकाळी वाचनालयात यावे. शाई आणि कागद संस्थेचा राहील.