पहाटेचे भूकंप आणि विहिरीतला रेडॉन



आधी काही भूकंपांच्या वेळा वाचून दाखवतो. ताश्कंद, २६ एप्रिल १९६६, पहाटे ५:२३. कोयना, ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४:२१. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. कोबे, १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. इटलीतले लाक्विला, ६ एप्रिल २००९, पहाटे ३:३२. पुढच्या रांगेतल्या काही माना हलल्या. यादी लक्षात असू द्या, तिच्याकडे परत यायचे आहे.

रेडॉनची गोष्ट ताश्कंदपासूनच सुरू होते. शहराखाली खनिज पाण्याची एक खोल विहीर होती. भूकंपानंतर संशोधकांनी तिच्या जुन्या नोंदी काढल्या. पाण्यातले रेडॉन आधीची काही वर्षे वाढत गेले होते आणि धक्क्यानंतर उतरले होते. झाले, जगभर विहिरींना मीटर बसू लागले.

रेडॉनला रंग नाही, वास नाही, कुणाशी रासायनिक संयोग करण्याची फारशी हौसही नाही. खडकातल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून हा वायू. खडकावर ताण आला की बारीक चिरा पडतात, नवे पृष्ठभाग उघडे होतात, कणांत अडकलेला वायू सुटतो आणि भूजल तो उचलून नेते. कल्पना सरळ आहे, आणि माझ्या मते चुकीचीही नाही.

मोजायचा सगळ्यात स्वस्त प्रकार सांगतो. चष्म्याच्या भिंगांना वापरतात त्या सीआर-३९ प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, पेल्याच्या आत चिकटवायचा आणि जमिनीत हाताने खणलेल्या खड्ड्यात पेला पालथा ठेवायचा. रेडॉनचा अणू फुटताना अल्फा कण सुटतो, तो प्लास्टिकवर ओरखडा काढतो. काही दिवसांनी तुकडा काढून गरम कॉस्टिक सोड्यात काही तास ठेवला की ओरखड्यांचे खळगे होतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजत बसायचे. देवीच्या व्रणांसारखे दिसतात. मान आखडते, पण आकडा मिळतो.

सगळ्यात गाजलेली नोंद कोबेची. भूकंपकेंद्रापासून साधारण ३० किलोमीटरवर, निशिनोमियात, १७ मीटर खोलीची विहीर. ऑक्टोबर १९९४ च्या अखेरीपासून तिच्यातले रेडॉन चढू लागले, ८ जानेवारीला ते नेहमीच्या दहापटीच्या आसपास पोचले आणि लगेच घसरले. नऊ दिवसांनी कोबे कोसळले. शिवाय कोबेच्या औषधशास्त्र विद्यापीठात किरणोत्सारी पदार्थांच्या प्रयोगशाळेतून बाहेर जाणारी हवा नियमाप्रमाणे तपासली जाई. भूकंपाशी त्या तपासणीचा काही संबंध नव्हता. तिच्यातही आधीच्या काळात रेडॉन वाढलेले सापडले. दोन वेगळ्या लोकांनी, दोन वेगळ्या कारणांनी घेतलेल्या नोंदी. हे वाचून मीही हललो होतो.

पण मग पाऊस आहे. वळवाची एक सर आली की मातीची रंध्रे पाण्याने भरतात, वायू खाली कोंडतो आणि खड्ड्यातला आकडा चढतो. हवेचा दाब उतरला की जमीन जणू उच्छ्वास टाकते, आकडा पुन्हा हलतो. शिवाय रेडॉनचे आयुष्यच तोकडे. ३.८ दिवसांत निम्मे संपते, तीन आठवड्यांत शंभरातले दोन-तीनच अणू उरतात. दहा किलोमीटर खोल भ्रंशावर सुटलेला वायू मातीतून झिरपत वर येईपर्यंत शिल्लक राहत नाही. आपण मोजतो तो जवळपासच्याच खडकातला. उत्तरकाशीच्या १९९१ च्या भूकंपाआधी पालमपूरला रेडॉन वाढल्याचे अमृतसरच्या संशोधकांनी नोंदवले, अंतर अडीचशे किलोमीटरहून जास्त. एवढ्या दूर ताण पोचतो तो नगण्य.

आता लाक्विला. तिथे काही महिने बारीक धक्के चालू होते. ग्रान सास्सो प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ जामपाओलो जुलियानी स्वतः तयार केलेल्या उपकरणांनी रेडॉन मोजत. मार्चअखेरीस त्यांनी इशारा दिला तो सुल्मोना गावासाठी. लोक घाबरले, भीती पसरवल्याची पोलिसांत तक्रार झाली. सुल्मोनाला काही झाले नाही. आठवड्याभराने पन्नासेक किलोमीटरवरचे लाक्विला कोसळले आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. वर्तमानपत्रांत जुलियानी न ऐकलेला द्रष्टा ठरले. त्यांचे ऐकून सुल्मोना रिकामे केले असते तर तिथली माणसे कुठे गेली असती? कदाचित लाक्विलाला. त्या शहराची जुनी रीत अशी, की धक्का बसला की पांघरूण घेऊन चौकात किंवा गाडीत रात्र काढायची. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली, त्याच सुमारास लोकांना काळजी करू नका असे सांगितले गेले, आणि भूकंपाच्या रात्री काही घरांनी ती रीत मोडली. त्याबद्दल २०१२ मध्ये त्या बैठकीतल्या सात जणांना शिक्षा झाली. अपिलात सहा सुटले, सातव्याची शिक्षा कमी झाली. रेडॉनपेक्षा हा दिलाशाचा मुद्दा मला मोठा वाटतो, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता ती यादी. भूकंप पहाटेच होतात असे ज्यांना वाटले, त्यांना मी फसवले. चीनचा हायचेंगचा भूकंप, १९७५, संध्याकाळी ७:३६. भुज, २००१, सकाळी पावणेनऊला, प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाच्या वेळी. नेपाळ, २०१५, भर दुपारी. सोयीचे तेवढे मी वेचले, नकोसे गाळले. रेडॉनच्या कितीतरी याद्यांचे असेच आहे. आकडा चढला आणि भूकंप झाला, त्याचा निबंध छापून येतो. आकडा चढला आणि काहीच झाले नाही, तो कागद वहीत राहतो. आकडा हललाच नाही आणि भूकंप झाला, तोही राहतो. या राहिलेल्या दोन कागदांची गणती झाल्याशिवाय पहिल्याची किंमत ठरत नाही.

मघाशी एका गृहस्थांनी विचारले, मग मीटर काढून टाकायचे का? मुळीच नाही. गढवालात घुत्तूला वाडिया भूविज्ञान संस्थेची वेधशाळा आहे. तिथे ६८ मीटरच्या विंधणविहिरीत रेडॉनबरोबर पाऊस, हवेचा दाब, तापमान, पाण्याची पातळी, सगळे एकत्र नोंदले जाते. चढलेल्या आकड्यातून पाऊस वजा करता येतो तो अशाच ठिकाणी. काही न घडलेले दिवसही त्या वहीत आहेत, आणि ते बहुसंख्य आहेत.

आता प्रश्न घेऊ.