पुरवणी



परीक्षेच्या हॉलवर ज्यांनी कधी पर्यवेक्षण केलं असेल त्यांना ठाऊक असेल, पेपर सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच पुरवणीसाठी एखादा हात वर होतो. मी गृहविज्ञानाची प्राध्यापिका होते, त्यामुळे असे हात पुष्कळ पाहिले. एकदा पुरवणी द्यायला गेले तर त्या मुलाच्या मूळ उत्तरपत्रिकेची चार पानं कोरी. म्हटलं, "अरे, ही पानं?" तर म्हणाला, "लिहितो ना मॅडम. पण पुरवणी बांधलेला जाड पेपर दिसला की तपासणाऱ्याला बरं वाटतं."

गेल्या महिन्यात भाचीकडे जेवायला गेले होते, तिथे मला हा मुलगा आठवला. तिच्या ओट्याच्या वर काचेच्या बरण्यांची रांग होती. मोरिंगा पावडर, फ्लॅक्स सीड, करक्युमिनच्या कॅप्सूल, मुलांसाठी जीवनसत्त्वांच्या रंगीत गोळ्या. "मावशी, महिन्याला तीन हजार जातात, पण तब्येतीपुढे काय!" जेवायला पोळी, बटाट्याच्या काचऱ्या, वरणभात. ताटाची डावी बाजू रिकामी. कोशिंबीर नाही, चटणी नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही. आणि हात धुऊन होतात तोच समोर चहाचे कप. मूळ पेपर कोरा आणि पुरवण्या चार!

आता, मोरिंगा म्हणजे आपला शेवगा आणि फ्लॅक्स सीड म्हणजे जवस, एवढं सांगून थांबणारी मी मावशी नव्हे. भाची जवस अख्खाच दह्यावर पेरत होती. जवसाचं टरफल चिवट आणि गुळगुळीत. दाताखाली आला नाही तर तो जसा गेला तसाच बाहेर पडतो. आमच्या विदर्भात जवस भाजून, लसूण-तिखट घालून कुटतात तो चवीसाठी. पण आतलं तेल, ज्यातल्या ओमेगा-३ साठी ती बरणी घरात आली, ते मोकळं होतं या कुटण्यामुळेच. एकदम किलोभर मात्र कुटू नये. हे तेल लवकर खवट होतं. आठवड्यापुरती चटणी पुरे.

हळदीचं प्रकरण जरा मोठं आहे. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे दाखले देऊन ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तेव्हापासून हळद म्हटलं की आपली छाती जरा फुगतेच, आणि ते योग्यही आहे. पण आपण वाद जिंकलो तो हा उपयोग जुना आहे, नवा शोध नव्हे, या मुद्द्यावर. हळदीने सगळे रोग बरे होतात, असा निकाल कोणी दिलेला नाही.

हळदीत करक्युमिन असतं शंभर भागांत तीनेक भाग, आणि तेही आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिऱ्यातलं पायपरीन बरोबर दिलं तर हे शोषण वीसपट वाढतं. झालं! कॅप्सूलवाल्यांनी मिऱ्याचा अर्क घालायला सुरुवात केली. पण मिरं जे करक्युमिनला आत जाऊ देतं, तेच काही औषधांनाही नको तेवढं आत जाऊ देतं. अशा कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्या आहेत. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बाटलीला हात लावू नये. फोडणीतल्या चिमटीची गोष्ट वेगळी. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, खुशाल चालू ठेवा. फक्त हळद चांगली घ्या. शक्य असेल तर सांगलीची हळकुंडं आणून दळून आणा. आणि विकतच्या पुडीची शंका आली तर पेलाभर पाण्यात चमचाभर हळद सोडून बघा. खरी हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी एकदम गडद पिवळं झालं तर त्यात रंग आहे.

पण हळद ही घरची मोठी अडचण नव्हे. मोठी अडचण लोहाची आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिकच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. म्हणजे दीडपट. आणि आपल्याकडे बाई जेवते शेवटी, पातेल्यात उरेल ते. पालेभाजी संपलेली असते, आमटीचं पाणी उरलेलं असतं. हे गणित कुठल्या कॅप्सूलने सुटणार?

लोहाचा स्वभाव संगतीवर जाणारा आहे. भाकरीतलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह शरीर अगदी थोडं घेतं. बरोबर लिंबू असेल, आवळा असेल, पेरूची फोड असेल, तर त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे जास्त घेतं. बरोबर चहा असेल, तर चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून बसतात आणि ते वाया जातं. ताटात वाढताना मीठ आणि लिंबू पहिलं, ही रीत ज्यांनी घातली त्यांना 'क' जीवनसत्त्व माहीत नव्हतं. रीत मात्र नेमकी पडली. जेवणावरचा चहा बहुधा पुढे आला आणि त्याने निम्मं काम बिघडवलं. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, मीही सोडलेला नाही. तास-दीड तास पुढे ढकला.

दुसरी युक्ती मोडांची. धान्यात आणि कडधान्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं. रुजताना बियाला लागेल म्हणून ते फॉस्फरस साठवून ठेवतं आणि जाता जाता लोह, जस्त, कॅल्शियमलाही अडकवून ठेवतं. मोड येऊ लागले की बी ते स्वतःच मोडायला घेतं. म्हणून मटकी भिजवून, फडक्यात बांधून मग उसळ. म्हणून नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून लहान मुलांसाठी सत्त्व. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट; पण ते हाताशी येतं मोड आणल्यावर. ज्या घरात नाचणी हेल्थ मिक्सच्या डब्यातून येते, त्यांनी डब्यामागचा मजकूर चष्मा लावून वाचावा. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तो डबा दुकानातच राहू द्यावा.

तिसरी गोष्ट लोखंडाची कढई. आंबट भाजी तिच्यात केली की थोडं लोह भाजीत उतरतं. भाजी काळपट होते म्हणून सुना ती माळ्यावर टाकतात. अहो, तो काळपटपणाच तर हवा आहे!

भाकरीची एक गोष्ट मला फार आवडते. २०१५ साली एका अमेरिकी पोषणविज्ञान नियतकालिकात महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग छापून आला. १२ ते १६ वर्षांची २४६ मुलं. अर्ध्या मुलांना साध्या बाजरीची भाकरी आणि अर्ध्यांना लोह जास्त असलेल्या वाणाची, दिवसातून दोन वेळा. त्या वाणात किलोला ८६ मिलिग्रॅम लोह, साध्या बाजरीत २१ ते ५२. चार महिन्यांतच दुसऱ्या गटातल्या मुलांचा लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात लोह कमी होतं, ती मुलं त्यातून बाहेर येण्याचं प्रमाण साध्या भाकरीच्या गटाच्या दीडपटीहून अधिक. गोळी नाही, पावडर नाही. बदलली ती फक्त बाजरी.

मुंबईतलं काम तर याहून मोठं. २००६ साली डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांत 'सरस' नावाचा प्रकल्प सुरू केला. साडेसहा हजार स्त्रिया, ज्यांना पुढे मूल हवं होतं पण अजून दिवस राहिले नव्हते. त्यांना रोज नेहमीच्या जेवणाशिवाय समोशासारखा एक पदार्थ खायला द्यायचा. एका गटाच्या पदार्थात पालेभाजी, फळं आणि दूध. दुसऱ्या गटाच्या पदार्थात कांदा-बटाट्यासारख्या भाज्या. पालेभाजीच्या गटात गरोदरपणातला मधुमेह शंभरात सात जणींना झाला, दुसऱ्या गटात बारा जणींना. बाळाच्या वजनाचा निकाल मात्र सरसकट चांगला लागला नाही. दिवस राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी खाणं सुरू केलं होतं त्यांच्या बाळांचं वजन थोडं वाढलं, आणि फार कृश स्त्रियांना तेवढाही फायदा झाला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात, लाडवांचे डबे बाळंतपणानंतर येतात. पण त्या समोशाने मोजून दाखवलं की खाण्याकडे लक्ष द्यायचं ते लग्न ठरलेल्या, मूल हवं असलेल्या मुलीच्या. आणि मी तर म्हणेन, त्याच्याही आधी, शाळकरी मुलीच्या.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतविडा हे सगळं मला प्रिय आहे. माझ्या बाळंतपणात आईने केलेले अळिवाचे लाडू, ओल्या नारळातले आणि जायफळ घातलेले, अजून जिभेवर आहेत. पण जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. सहाणेवर वेखंड आणि मुरडशेंग उगाळून केलेली गुटी तर नाहीच. मध वर्षाच्या आत चाटवू नये. त्यात क्वचित एका जंतूची बीजं असतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ती जीवघेणी ठरू शकतात. आजी रागावतील. रागावू द्या.

आणि स्वयंपाकघराची हद्द कुठे संपते, हेही सांगितलं पाहिजे. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये नसतंच. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच ते मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या कुटुंबांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांत ब-१२ कमी निघालं. घरी पूर्ण शाकाहार असेल, दूध चहापुरतं असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, थकवा जात नसेल, तर पालकाचं सूप पीत बसू नका. रक्त तपासा आणि डॉक्टर देतील ती गोळी घ्या. 'नैसर्गिक ब-१२' म्हणून स्पिरुलिना विकतात, त्यात बहुतेक त्याचा तोतया असतो, शरीराला न वापरता येणारा. गरोदरपणातली लोहाची आणि फॉलिक आम्लाची गोळी, शाळेत मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी, या खऱ्या पुरवण्या. निळ्या गोळ्या मुलींच्या दप्तराच्या तळाशी तशाच सापडतात, हे मला माहीत आहे. आयांनी दप्तर बघावं.

एक पुरवणी तर आपण रोज घेतो आणि विसरतो. मिठातलं आयोडीन. १९६२ पासून देशात गलगंडाविरुद्ध कार्यक्रम चालला, तेव्हा कुठे ते घरोघर पोहोचलं. आता भाचीने ते मीठ बंद करून गुलाबी सैंधव आणलंय, नैसर्गिक म्हणून. त्यात आयोडीन नावापुरतं. मी तिला म्हटलं, "अगं, जी पुरवणी फुकटात बांधलेली होती, तीच तेवढी तू फाडलीस."

ती हसली. परवा तिचा फोन आला होता. बरण्या अजून तिथेच आहेत, पण माळ्यावरून कढई खाली आली आहे आणि धाकटा विचारतोय, भाजी काळी का.

वेळ संपत आली आहे. सकाळी मटकी भिजत घालून निघाले होते, घरी जाऊन ती फडक्यात बांधायची आहे.