बर्फावरचा गोलरक्षक आणि त्याचा गुरू

कॅनडा, रशिया, स्वीडन इत्यादी शीत देशांत हिवाळ्याचा जो आवडता खेळ, त्या बर्फावरील हॉकीत चेंडू नसतो. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची टणक रबरी चकती असते. पोलादी पात्यांचे बूट घालून वेगाने घसरत येणारे गडी ही चकती काठीने मारतात, आणि सहा फूट रुंद व चार फूट उंच अशा जाळीपुढे गोलरक्षक एकटा उभा असतो. हा मनुष्य तयार कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम थोडा हिशेब. कसलेल्या खेळाडूचा तडाखा ताशी १०० मैलांच्या घरात जातो. ३० फुटांवरून सुटलेली अशी चकती सुमारे एक-पंचमांश सेकंदात जाळीपाशी येते. आणि डोळ्यांनी पाहून हात हलू लागण्यासच माणसाला जवळजवळ तितका वेळ लागतो. अर्थात केवळ चपळाईवर विसंबणारा रक्षक फसावयाचाच. म्हणून जाणता शिक्षक चकती अडविण्याच्या आधी उभे राहणे शिकवितो.

समईच्या ज्योतीजवळ तळहात नेत गेले की भिंतीवरील सावली मोठी होते, हे घरोघरच्या मुलांना ठाऊक आहे. येथे चकती ही ज्योत आणि जाळी ही भिंत. रक्षक दोन पावले पुढे सरला की मारणाऱ्याला दिसणारी मोकळी जागा आक्रसते. परंतु तो फार पुढे गेला आणि चकती बाजूच्या गड्याकडे गेली, तर पाठीमागची सारी जाळी उघडी पडते. हे तारतम्य अंगी बाणावे म्हणून चकतीवाचूनच पुष्कळ सराव करून घेतात: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सरकणे, चकतीच्या रोखाने छाती वळविणे, आणि मारा होण्यापूर्वी स्थिर होणे.

हे शास्त्र एका दिवसात घडले नाही. १९१७ साली नॅशनल हॉकी लीग सुरू झाली तेव्हा रक्षकाने बर्फावर पडून चकती अडविणे नियमबाह्य होते. १९१८ च्या जानेवारीत ते बंधन गेले. पुढे ग्लेन हॉलने गुडघे जवळ घेऊन पोटऱ्या दोहों बाजूंस पसरण्याचा फुलपाखरी पवित्रा रूढ केला. फ्रांस्वा अल्लेर या शिक्षकाने त्याला पद्धतशीर रूप दिले. त्यांचा शिष्य पॅट्रिक रॉय याने १९८६ मध्ये विसाव्या वर्षी माँट्रियलला स्टॅन्ली चषक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला.

शरीराहून मनाची तयारी अवघड. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे चकती लागून जाक प्लांतचा चेहरा फाटला. टाके पडल्यावर मुखवट्यावाचून खेळण्यास त्याने साफ नकार दिला. मुखवटा त्याच्या शिक्षकास नापसंत होता. तरी सामना माँट्रियलनेच जिंकला. हॉल तर सामन्यापूर्वी भीतीने ओकत असे. आणि तरीही १९५५ ते १९६२ या काळात तो सलग ५०२ साखळी सामने मुखवट्यावाचून खेळला! भय वाटणे हा दोष नव्हे, हे शिक्षकाने ओळखावे लागते.

गोल झाला की जाळीमागे तांबडा दिवा लागतो. इतरांच्या चुका झाकतात, याची तेवढी सर्वांना दिसते. अशा वेळी “का अडविली नाहीस?” असे विचारणारा शिक्षक मुलाला खचवितो. “चकती सुटली तेव्हा तू कोठे उभा होतास?” असे विचारणारा त्याला पुढच्या माऱ्यासाठी उभा करतो.