अपडेट अडून बसतं तेव्हा



भंडाऱ्यात वसंतातल्या व्याख्यानमालेत लिनक्स ऐकायला कोण येणार, अशी शंका संयोजकांना होती. मलाही होती. तुम्ही आलात, तर थेट कामाचंच बोलतो.

पवनी तालुक्यातल्या ‘अड्याळ’चं नाव पडद्यावर उमटायला काय काय लागतं? अक्षरांच्या आकृत्या फॉन्टात. डेबियन या लिनक्स प्रणालीत लोहित देवनागरी या फॉन्टाचं वेगळं पॅकेजच आहे. लोहितची जोपासना रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी केली. पण ‘ड’ आणि ‘य’ जोडायचे कसे, हे ठरवतं हार्फबझ. त्याचा मुख्य कर्ता मूळचा इराणचा. वळणांचे ठिपके करणं फ्रीटाइपचं काम, ओळ कुठे तोडायची ते पँगो बघतं. फ्रीटाइपला पुन्हा झेडलिब हवं, लिबपीएनजी हवं. प्रत्येकाचा मालक वेगळा आणि नवी आवृत्ती काढायचा मुहूर्तही वेगळा. हार्फबझ आणि फ्रीटाइप तर एकमेकांना मागतात. सगळी प्रणाली मुळापासून बांधणारे हौशी लोक म्हणूनच आधी फ्रीटाइप एकटं बांधतात, मग हार्फबझ, आणि मग फ्रीटाइप पुन्हा एकदा.

इयान मर्डॉकने १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. त्यातलं पॅकेजं बसवणारं डीपीकेजी प्रामाणिक, पण कोरडं: अमुक पॅकेज नाही, म्हणून हे चालू होणार नाही, एवढंच सांगायचं. ते शोधून आणावं तर ते तिसऱ्याचं नाव घ्यायचं. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर ॲप्ट आलं आणि ही वणवण संपली. साखळी तेच शोधतं, क्रमही तेच लावतं.

तरीही ते अधूनमधून अडतं. एका प्रोग्रामला लायब्ररीची नवी आवृत्ती हवी, दुसऱ्याला जुनीच, आणि दोन्ही एका ठिकाणी नांदत नाहीत. आपल्या मालगुजारी तलावांसारखंच हे: वरच्याचा सांडवा उंच केला की खालच्याचं पाणी तुटतं. अशी हजारो बंधनं एकाच वेळी पाळणारी निवड शोधणं हा गणितातल्या अवघड प्रश्नांपैकी एक आहे, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून यंत्राला आळशी म्हणू नका.

आता २०२४ ची गोष्ट. ३२ बिटांच्या आकड्यात वेळ मोजली तर १९ जानेवारी २०३८ ला आकडा संपतो. डेबियनने तो ६४ बिटांचा करायला घेतला. आकार बदलला की जुन्या आकारावर बांधलेला प्रोग्राम नव्या लायब्ररीबरोबर चालत नाही. म्हणून शेकडो लायब्रऱ्यांच्या पॅकेजांना ‘टी६४’ हे शेपूट जोडलं. लिबएसएसएल३ झालं लिबएसएसएल३टी६४. गंमत अशी की घरोघरच्या ६४ बिटांच्या यंत्रांत वेळ आधीपासूनच ६४ बिटांची होती, तरी नाव तिथेही बदललं. नवं बसवायचं तर जुनं काढायचं, आणि जुन्यावर टेकलेले सगळे प्रोग्राम अजून नव्याने बांधून झालेले नाहीत! त्या काळात डेबियनच्या अनस्टेबल, म्हणजे सतत बदलत्या शाखेवर फुल-अपग्रेड चालवलं की काढून टाकायच्या पॅकेजांची लांबलचक यादी समोर यायची. ज्यांनी ती वाचून ‘नाही’ म्हटलं, त्यांना फक्त वाट पाहावी लागली. ज्यांनी सवयीने ‘वाय’ दाबलं, त्यांचा डेस्कटॉप जाण्याची पाळी आली.

माझा सगळा आग्रह त्या यादीपुरता आहे. ॲप्ट अपडेट फक्त उपलब्ध पॅकेजांच्या नव्या याद्या आणतं. अपग्रेड नवं बसवतं, पण काहीही काढत नाही. काढायची मुभा फुल-अपग्रेडला असते, म्हणून तिथे बोट थांबलं पाहिजे. एखादं पॅकेज आहे तिथेच रोखायचं असेल तर ॲप्ट-मार्क होल्ड आहे, पण रोखल्याचं विसरू नका; पुढच्या अडवणुकीचं कारण बहुधा तेच निघतं. डेबियनवर उबुंटूचे स्रोत जोडणं मात्र टाळाच. अशा मिश्रणाला डेबियनवाले फ्रँकनडेबियन म्हणतात, आणि त्यात प्रेम नाही.

शेवटी, मे महिन्यात वीज जाते त्याचं. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली, तर घाबरून सगळं पुसू नका. यंत्र सुरू झालं की डीपीकेजीला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय देऊन चालवा. अर्धवट राहिलेलं ते पुरं करतं. त्यानंतर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ला ‘एफ’ पर्याय द्या, म्हणजे तुटलेल्या जोडण्या सांधल्या जातील. लॉक फाइल हाताने काढायची नाही. कारण पार्श्वभूमीला दुसरं ॲप्ट खरंच चालू असेल, तर दोघं एकाच वेळी एकाच स्टेटस फाइलमध्ये लिहू लागतील.